साखर गेली कुठे? इंदूरच्या एका घरातल्या माल्टच्या घाण्यांचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या एका मराठी घरातलं. घरात निवृत्त वकील काका, काकू आणि इंग्लंडात लीड्सला काही वर्षं नोकरी करून परतलेला त्यांचा पुतण्या. तिकडे असताना त्याला घरी बिअर करायचा छंद जडला होता. डब्यातला तयार अर्क पाण्यात कालवून नव्हे, तर थेट माल्ट केलेल्या, म्हणजे अंकुरवून वाळवलेल्या जवापासून. म्हणजे धान्य भरडायचं, ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, स्टार्चची साखर होऊ द्यायची, गोड रस गाळून उकळायचा आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडायचं. इकडे येताना त्याने रसातली साखर मोजायचा हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोबत आणला आणि पहिल्याच उन्हाळ्यात माल्टचं पोतं मागवलं. तिकडे डोळे मिटून जमणारी गोष्ट इथे काही जमेना. रसात साखर अपेक्षेपेक्षा बरीच कमी उतरत होती. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि पलीकडच्या गल्लीत राहतो, म्हणून काकांनी मला हाक मारली.

मी गेलो तोवर दोन घाणे होऊन गेले होते. पण त्याआधी घरात एक वेगळाच वाद होऊन मिटला होता आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं, म्हणून तो आधी.

काकांची अट

मद्य बनवणं, बाळगणं, नेणं-आणणं, विकणं हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय आहे, नोंद ८. त्यामुळे एका राज्यात चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा लागू आहे. त्याचं कलम १३ परवान्याशिवाय मादक पेय बनवायला मनाई करतं आणि बनवण्याच्या हेतूने साधनसामग्री बाळगणंही त्यातच मोडतं. हॉटेल-रेस्टॉरंटला व्यवसाय म्हणून परवाना काढता येतो, पण हौसेखातर घरच्यापुरती बिअर करणाऱ्या शहरी माणसासाठी त्यात जागा नाही. आदिवासी कुटुंबांना मोहाच्या दारूबाबत मर्यादित मुभा आहे, ती बाब वेगळी.

पुतण्याने आपली बाजू लढवून पाहिली. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर करता येते. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लीड्समध्ये तू बरोबर होतास. इथे नाहीस." बडोद्याच्या आत्याने तर फोनवर ऐकताच सांगितलं की आमच्या गुजरातेत असलं काही मनातसुद्धा आणू नकोस.

तोडगा असा निघाला की यीस्टच्या अलीकडे थांबायचं. धान्यापासून गोड रसापर्यंत काय हवं ते कर, पण तो रस आंबवायचा नाही. आलं-लिंबू घालून ताजा प्यायचा, नाहीतर आटवून काकवीसारखं घट्ट माल्ट सिरप करायचं. पुतण्याला हे मन मारणं वाटलं. मला वाटलं नाही. धान्यापासून बिअर करण्यातली अवघड अर्धी बाजू यीस्टच्या आधीच संपते. रस बिघडलेला असेल तर यीस्ट काही तो सुधारून देत नाही. आणि त्याची गाडी अडली होती ती नेमकी याच अर्ध्या भागात.

पहिले दोन घाणे

पहिल्या घाण्याची नोंद त्याने वहीत नीट ठेवली होती. माल्ट ३ किलो, पाणी ९ लिटर, तासभर मुरवण, मग आणखी ६ लिटर गरम पाण्याने धुवण. चोथ्यात किलोमागे साधारण लिटरभर पाणी अडकून राहतं, त्या हिशेबाने हाती १२ लिटर रस आला. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०३१, म्हणजे रस पाण्याच्या १.०३१ पट जड.

हे कमी आहे हे कसं ठरवायचं? चांगल्या माल्टमधून किलोमागे जास्तीत जास्त ३०० अंश-लिटर मिळू शकतात. अंश म्हणजे गुरुत्वाचे दशांश चिन्हानंतरचे आकडे, १.०३१ मधले ३१, आणि त्यांना लिटरांनी गुणलं की अंश-लिटर. तीन किलोचे झाले ९००. हाती आले ३१ गुणिले १२, म्हणजे ३७२. शंभरातले ४१. घरगुती सरंजामात ६५ ते ७५ टक्के यायला हरकत नसते आणि लीड्समध्ये त्याला तेवढे येतही होते.

त्याने तापमानावर बोट ठेवलं. मुरवणीचं तापमान ६६ हवं होतं, थर्मामीटर ६८ च्या वर गेला होता. म्हणून दुसऱ्या घाण्याला त्याने पाणी कमी तापवलं, वेळ तासाऐवजी दीड तास केला आणि खबरदारी म्हणून अर्धा किलो माल्टही वाढवलं. आता गुरुत्व १.०३७ आलं. त्याला वाटलं, सुधारलं. पण साडेतीन किलोला कमाल १०५० आणि हाती ४४४. टक्केवारी ४२. एका टक्क्याची हालचाल ही हालचालच नव्हे. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यातली फक्त एक लागू पडली आणि तीही जास्त धान्य घातलं की जास्त साखर येते एवढीच.

तापमानाबद्दलचा त्याचा संशय मात्र पोकळ नव्हता. लीड्समध्ये धान्य १८ अंशांचं असायचं, म्हणून तो पाणी ७२-७३ ला तापवून ओतायचा आणि मिश्रण ६६ ला येऊन थांबायचं. इथे मे महिन्यात पोत्यातलं धान्यच ३८ अंशांचं. तेच पाणी त्याच प्रमाणात ओतलं तर मिश्रण ६८ च्या पुढे जातं, ६६ साठी पाणी ७० लाच थांबवायला हवं. सवय तिकडची, ऊन इकडचं. पण दोन अंश चढल्याने साखर अर्ध्यावर येत नाही. माल्टमध्ये स्टार्च तोडणारी मुख्य विकरं (एन्झाइम) दोन. बीटा-अमायलेज ६० ते ६५ च्या दरम्यान जोमात असतं आणि माल्टोज ही साखर तोडून देतं. अल्फा-अमायलेज ७० च्या आसपास चांगलं चालतं आणि लांब साखळ्यांचे तुकडे पाडतं. तापमान थोडं वर गेलं की माल्टोज कमी आणि न आंबणारे मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, जास्त, एवढा फरक पडतो. पाण्यात विरघळणारा एकूण ऐवज जवळपास तेवढाच राहतो, आणि हायड्रोमीटरला साखर कुठली याच्याशी देणंघेणं नसतं.

थर्मामीटरवरही आळ आला होता, कारण उकळत्या पाण्यात तो १०० दाखवत नव्हता, ९८ दाखवत होता. त्यात दोष नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. बर्फाच्या पाण्यात तो शून्यावर आला आणि त्याची सुटका झाली.

हायड्रोमीटर आणि मे महिना

मी पहिली गोष्ट विचारली ती रस मोजताना किती गरम होता. "गार करूनच मोजला," तो म्हणाला. गार म्हणजे किती? बोटाला गार. मेमध्ये स्वयंपाकघरात ठेवलेलं पातेलं बोटाला गार लागतं तेव्हा ते ४० अंशांच्या घरात असतं.

हायड्रोमीटरच्या पट्टीवर अगदी बारीक अक्षरांत २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. त्या तापमानालाच त्याचं वाचन खरं. पाणी तापलं की प्रसरण पावतं, पातळ होतं आणि हायड्रोमीटर जास्त बुडतो. ३० अंश तापमानाला गुरुत्वाच्या साधारण अडीच-तीन अंशांची खोट येते, ४० ला सहाची, ६० ला पंधराची. म्हणजे पहिल्या घाण्याचे ३१ खरं तर ३७ होते आणि दुसऱ्याचे ३७ खरे ४३. दोन्हींची टक्केवारी ४९ वर आली, दोन्हींची अगदी सारखी. हे सारखं येणं मला महत्त्वाचं वाटलं. तापमान, वेळ, धान्याचं वजन हे सगळं बदलूनही उतारा किलोमागे तेवढाच राहत असेल, तर कारण यांपैकी कशातच नाही. दोन्ही घाण्यांत जे बदललं नव्हतं, त्यात आहे.

लीड्सच्या खोलीत वर्षातले बरेच महिने १८-२० अंश असतात. तिथे बोटाला गार आणि हायड्रोमीटरला गार यांत फरकच पडत नव्हता, म्हणून ती बारीक अक्षरं त्याने कधी वाचली नव्हती. आता त्याने उंच पेल्यात रस घेऊन तो बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत सुरू केली. दहा मिनिटांत काम होतं.

चोथा चावून पाहिला

हरवलेल्या साखरेतली काही तर मोजमापातच सापडली. उरलेली कुठे होती?

अशा वेळी लोक कृती बदलतात, माल्टची जात बदलतात, वेळ वाढवतात. मला ते पटत नाही. साखर हरवायच्या जागा चारच आहेत. एक, ती हरवलेलीच नसते, मोजणं चुकलेलं असतं. दोन, स्टार्च दाण्याबाहेर आलाच नाही. तीन, स्टार्च बाहेर आला पण त्याची साखर झाली नाही. चार, साखर झाली पण चोथ्यातच राहिली. प्रत्येक जागेची चाचणी वेगळी आहे आणि चारही घरच्या घरी होतात. पहिली तर झालीच होती.

तिसऱ्यासाठी टिंक्चर आयोडीन. पांढऱ्या बशीत रसाचा थेंब, शेजारी आयोडीनचा थेंब, दोन्ही एकमेकांत मिसळायचे. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, तपकिरी-पिवळाच राहिला तर संपला. टरफलाचा कण आत आला तर तो हमखास निळा पडतो आणि फसवतो, म्हणून नितळ रसच घ्यायचा. चाचणीचा थेंब पातेल्यात परत टाकायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, पण सांगितलेलं बरं. फ्रिजरमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या घाण्याच्या रसाने पिवळा रंग दाखवला. म्हणजे जेवढा स्टार्च रसात आला तेवढ्याची साखर झाली होती. अंकुरलेल्या जवातला हा गुण १८३३ मध्ये पायां आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढून त्याला डायास्टेज नाव दिलं होतं, विकर म्हणून वेगळा काढलेला तो पहिलाच पदार्थ. आमच्या बशीत तो आपलं काम चोख करत होता.

मग दुसरी जागा. काकूंनी सुदैवाने चोथा फेकला नव्हता, थोडा फ्रिजमध्ये ठेवला होता, थालीपीठात घालायला. मी मूठभर घेऊन चावला. निम्मे दाणे दाताखाली करकरले. नखाने चिरले तर आत पांढरा, टणक गर, त्यावर आयोडीन टाकलं तर काळंभोर. स्टार्च दाण्यातच बसून राहिला होता, त्याला पाणी पोहोचलंच नव्हतं.

"भरडलं कशात?"

"मिक्सरमध्ये."

"आणि लीड्सला?"

तो क्षणभर गप्प राहिला. लीड्सला दुकानदार माल्ट भरडूनच पाठवायचा. ऑर्डर देताना 'भरडलेलं' हा पर्याय निवडायचा, की झालं. दाणा कसा फोडावा हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नव्हता. इथे पोतं आलं ते अख्ख्या दाण्याचं. मिक्सरचं पातं दाणा चिरडत नाही, कापतं आणि भिरकावतं. जे पात्याला लागतात त्यांचं पीठ होतं, जे वर उडतात ते साबूत राहतात. हवं असतं याच्या उलट. प्रत्येक दाणा दोन-चार तुकड्यांत फुटलेला, टरफल मात्र शक्य तेवढं अख्खं. गाळताना ते टरफलच गाळणीचं काम करतं.

गिरणीचे दोन प्रयोग

तिसऱ्या घाण्याचं माल्ट चक्कीवर गेलं. चक्कीवाल्याला दलिया म्हणून सांगितलं, पण दगड गव्हाच्या पिठाला लावलेले होते आणि त्याने थोडेच सैल केले. परत आलं ते जाडसर कणकेसारखं. काकूंनी डबा उघडताच सांगितलं, "अरे, हे गाळलं जाणार नाही." पुतण्याने ऐकलं नाही.

नळ असलेल्या स्टीलच्या टाकीत जाळी बसवून तो रस काढायचा. या वेळी नळातून सुरुवातीला रस आला, मग धार, मग थेंब, मग काहीच नाही. टरफलांचा भुगा झालेला, त्यावर पिठाचा चिकट थर बसलेला. धुवायचं पाणी वरच तरंगत राहिलं. संध्याकाळ जाऊन पाचच लिटर हाती आले. पण त्या पाच लिटरांचं गुरुत्व, गार करून मोजलेलं, १.०७४. म्हणजे टाकीत साखर भरपूर झाली होती, पहिल्या दोन घाण्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण बाहेर आली ती ३७० अंश-लिटर, ४१ टक्के. टक्का पहिल्यांदा वहीत लिहिला होता तोच, कारण मात्र पूर्ण निराळं. तिथे साखर झालीच नव्हती, इथे होऊन अडकली. नुसता आकडा पाहून इलाज करणारा माणूस दोन्ही वेळा एकच औषध देईल, आणि दोन्ही वेळा ते चुकेल.

चौथ्याच्या वेळी दोन गोष्टी केल्या आणि दोन्हींचं लक्ष्य एकच होतं, टरफल. माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी शिंपडलं, म्हणजे तीन किलोला ६० मिलिलिटर. हाताने चोळून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. इतक्या पाण्याने आतला गर कोरडाच राहतो, पण टरफल चिवट होतं आणि दगडाखाली फाटत नाही. मोठ्या ब्रुअऱ्यांतही, म्हणजे बिअरच्या कारखान्यांतही, ही युक्ती वापरतात. मग चक्कीवाल्याला सकाळी, गिऱ्हाईक नसताना गाठलं आणि दगड पुरते सैल करून दोनदा काढून घेतलं.  टाकीत जाळीवर मांजरपाटाचं अस्तर घातलं.

रस धो-धो नव्हे, पण अखंड वाहिला. बारा लिटर, १.०५०. कमाल ९०० पैकी ६००, म्हणजे ६७ टक्के. चोथा चावला, करकर नाही. आयोडीन, पिवळं.

खरं म्हणजे प्रकरण इथे सुटलं. पुढचं जे आहे ते कडेकडेचं, पण त्यात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे.

नर्मदा की बोअरिंग

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवून आणतात आणि नळाला ते एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी साठवलेलं संपलं की बोअरिंग. चौथ्या घाण्याला बोअरिंगचं पाणी होतं, पाचव्याला नर्मदेचं. बाकी सगळं तसंच. पाचव्याला १.०५३, म्हणजे ६३६, म्हणजे जवळपास ७१ टक्के. पुतण्याने लगेच वहीत लिहून टाकलं की नर्मदेच्या पाण्याने चार टक्के वाढतात.

मी ते खोडायला लावलं. गिनीज ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न होता. जवाचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्यातला फरक खरा की योगायोगाचा? त्यावर त्याने काढलेलं उत्तर १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं आणि आजही संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते शिकावं लागतं. इथे तर प्रत्येक बाजूला एकेकच घाणा. चार टक्के कशानेही येऊ शकतात. धुवणीचं पाणी थोडं सावकाश ओतलं असेल, भरड किंचित बारीक निघाली असेल.

पण फरक अजिबात नसावा असंही नाही. मिश्रणाचा सामू (पीएच) ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असला की विकरं बरी चालतात. सामूची ही मोजपट्टीसुद्धा ब्रुअरीचीच देणगी, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सनने मांडलेली. आमच्या कागदी पट्ट्यांवर नर्मदेच्या पाण्याचं मिश्रण साडेपाचच्या आसपास दिसलं, बोअरिंगचं ५.८ च्या जवळ. बोअरिंगच्या पाण्यात बायकार्बोनेटचा क्षार जास्त असतो, काकूंच्या चहाच्या भांड्याच्या बुडाशी बसलेला पांढरा थर तोच. असल्या पाण्याने धुतलं तर टरफलातली तुरट द्रव्यंही रसात उतरतात. आणि चौथ्या घाण्याचा रस जिभेच्या कडेला खरंच तुरट लागत होता, हे तिघांनी न सांगता ओळखलं. तेव्हा मी म्हटलं, टक्केवारीसाठी नाही, चवीसाठी नर्मदा वापर. आणि बोअरिंगवाचून गत्यंतर नसेल तर पाणी आदल्या रात्री उकळून ठेव, निम्माअधिक क्षार खाली बसतो, वरचं नितळ घे.

यीस्ट न घालताही

काकांच्या अटीला धोका आला तो भलत्याच दिशेने. पाचव्या घाण्याचा थोडा रस काकूंनी झाकून ओट्यावरच ठेवला होता. सकाळी त्यावर फेस आणि वास आंबूस. रानटी यीस्ट आणि जीवाणू हवेत, धान्यावर, फडक्यावर सगळीकडे असतात आणि मे महिन्यातल्या इंदुरी रात्री त्यांना गोड रस म्हणजे आयतं ताट. काकांनी तो रस मोरीत ओतायला लावला. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता, माझा पोटाचा. अशा रसात काय काय वाढलंय हे कुणालाच ठाऊक नसतं.

मग बाटलीत गरमागरम भरून घट्ट बूच लावलं तर? हा मार्ग पुतण्याला सुचला होता आणि तो मी साफ नाकारला. या रसाचा सामू पाचच्या वर असतो. ४.६ च्या वर सामू असलेला, हवाबंद, फ्रिजबाहेरचा गोड रस ही बोट्युलिझमच्या जीवाणूला हवी तशी जागा. त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून घरात दोनच वाटा ठरल्या. उकळून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवायचा. फ्रिजच्या वाटेतही लिंबू पिळून सामू चारच्या आसपास आणायचा, चवीलाही तेच बरं लागतं. किंवा आटवून सिरप.

काकूंनी मधेच घरी माल्ट करून पाहायचं ठरवलं. नाचणी सत्त्व त्या वर्षानुवर्षं करतात, त्यामुळे अंकुर काढणं नवीन नव्हतं. सियागंजाच्या बाजारातून जव आणला. पेरणीचा नव्हे, खाण्याचाच, कारण पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. भिजवून किलोचा एक किलो सहाशे ग्रॅम झाला, म्हणजे ओलावा ४५ टक्क्यांच्या घरात, हवा तेवढाच. पण पुढे खोलीच्या उष्णतेने निम्मे दाणे वेळेआधीच लांबले, काही फुटलेच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास. जव थंडीतलं पीक आहे, अंकुरायलाही १५ ते १८ अंशच मागतो. जे वाचलं ते वाळवून, मुळं चोळून काढून विकतच्या माल्टमध्ये मिसळलं, एकट्याने त्याचा स्टार्च तासाभरात संपत नव्हता. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला, "हे मार्गशीर्षातलं काम."

गॅसचा हिशेब

शेवटचा प्रश्न पुतण्याचाच. ७१ टक्के आले, ८० कसे आणायचे? धुवणीचं पाणी दोन लिटर वाढवलं तर चोथ्यातले आणखी चाळीस-एक अंश-लिटर सुटतील. हे बरोबर आहे. प्रत्येक अंश-लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम साखर, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास.

काकूंनी विचारलं, ते दोन लिटर पाणी पुन्हा आटवणार कोण? मग आम्ही तिघांनी कागदावर मांडलं. १.०५० चा बारा लिटर रस घट्ट सिरप होईपर्यंत आटवायचा तर साडेदहा लिटरच्या आसपास पाणी उडवावं लागतं, आणि घरच्या शेगडीची निम्मी उष्णता भांड्याबाहेरच जाते हे धरलं तर त्याला सुमारे एक किलो गॅस लागतो. सिलिंडर १४.२ किलोचा. हाती येतं दोन किलोला थोडं कमी सिरप. जादा दोन लिटर उडवायला सुमारे दोनशे ग्रॅम गॅस. शंभर ग्रॅम साखरेसाठी दोनशे ग्रॅम गॅस, आणि शेवटच्या धुवणीत तुरटपणा वाढतो तो वेगळाच.

तेव्हा धुवणी सहा लिटरवरच राहिली. दर घाण्यातला निम्मा रस ताजा पितात, निम्मा आटवतात, तोही पुरता घट्ट न करता पातळ पाकासारखा, आणि बरणी फ्रिजमध्ये. चोथ्यातला मूठभर थालीपिठात, बाकीचा त्याच दिवशी ओल्या कचऱ्याच्या गाडीत, कारण उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो. पुतण्याच्या वहीत आता प्रत्येक गुरुत्वाशेजारी रसाचं तापमान लिहिलेलं असतं, आणि भरड कुठल्या चक्कीवरून कशी आली ते. पोत्यातलं माल्ट संपत आलं आहे. पुढचं मागवताना भरडलेलं मिळेल का हे त्याने विचारून पाहिलं होतं. मिळतं, पण भरडलेलं माल्ट या हवेत फार दिवस टिकत नाही, ओलावा धरून सादळतं, म्हणून काकांनी अख्खंच मागवायला सांगितलं आहे.